परत आणलेल्या बरण्या

आमच्या घरात स्वयंपाक स्टीलच्या भांड्यांत होतो. पितळेचे एकच भांडे वापरात उरले होते, ते म्हणजे आईच्या लग्नात आलेला गंज. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. वर्षभर तो माळ्यावर पालथा असायचा. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी संत्र्याची, तोडणी आटोपली, संत्र्याचे ट्रक निघून गेले, की तो खाली यायचा आणि त्यात संत्र्याचा पाक व्हायचा.

पांढुर्ण्याच्या आसपास संत्र्याची बाग असलेल्या बऱ्याच घरांत असे काही ना काही होते. व्यापारी बारीक फळे घेत नाही, डागी घेत नाही, झाडाखाली गळलेली तर पाहतही नाही. ती सगळी घरी येतात. खाऊन खाऊन किती खाणार? आई त्यांचा रस काढायची, गूळ घालायची आणि मंद आचेवर तो आटवत बसायची. बोटावर तार आली की गंज खाली उतरायचा. पाक रात्रभर गंजातच निवायचा आणि सकाळी चिनीमातीच्या बरण्यांत भरला जायचा. तोंडाला पांढरे फडके बांधलेल्या त्या बरण्या शेजारी जायच्या, नात्यात जायच्या, जाम नदीपलीकडे सावरगावला जायच्या. पाकाने रक्त वाढते, पित्त बसते आणि खोकला जातो, असे आई सांगायची. कोणी अशक्त दिसले की ती पाक सुचवायची.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते. ती नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. पूर्वी भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला यायचा, कडुनिंबाखाली भट्टी पेटवायचा. तो यायचा थांबला. गंजाची कल्हई विटत गेली आणि आतून पितळ दिसू लागले. आई दर हिवाळ्यात कुरकुर करायची. मग एका वर्षी माझा मोठा भाऊ ट्रॅक्टरचा गळका रेडिएटर डाग देऊन सांधायला शहरातल्या दुकानात घेऊन गेला, तेव्हा सोबत गंजही घेऊन गेला. संध्याकाळी दोन्ही वस्तू घेऊन परत आला. गंज आतून चांदीसारखा चमकत होता.

‘आरशासारखा झाला रे बापा,’ आई म्हणाली. ‘कोणी केली?’

‘रेडिएटरवाल्यानं. म्हणे, आणा, चमकवून देतो.’

त्या वर्षीचा पाक रंगाने सगळ्यात सुंदर उतरला. सगळ्यांनी तसे सांगितले.

भावाची मुलगी तेव्हा पहिलीत होती. घरात आम्ही पाच जण होतो. आई, भाऊ, वहिनी, ती मुलगी आणि मी. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात काम करून परत आलो होतो आणि घरून बातम्या पाठवत होतो. वहिनी जवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलीत काही बदलते आहे, हे सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात आले. मुलगी आधी बाराखडी तोंडपाठ म्हणायची. संक्रांतीच्या सुमारास ती मध्येच अडायला लागली. पाटीवर ‘क’ काढायची आणि पुढे काय, ते आठवत नसे. पोट दुखते म्हणून रडायची. दोन-दोन दिवस शौचाला होत नसे. चेहरा फिका पडला होता. आधी झाडावर चढणारी मुलगी आता बागेच्या फाटकापर्यंत चालत गेली तरी कडेवर घे म्हणायची. आणि ती चिडकी झाली होती. वहिनीला हे सगळ्यात जास्त खटकले. कारण नसताना ती आदळआपट करायची आणि नंतर स्वतःच गोंधळून बसायची.

‘शाळेचं टेन्शन आहे ते,’ भाऊ म्हणाला. ‘मास्तरीणबाईची पोरगी आहे नं.’

‘टेन्शननं पोट असं दुखते का?’ वहिनी म्हणाली.

‘पोरीच्या अंगात रक्त नाही,’ आईने निकाल दिला. ‘सकाळी उठल्याबरोबर पाक देत जा. उपाशीपोटी. मग पाहा कशी लाल होते तं.’

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, लोहाचे औषध दिले. महिना गेला. रक्त वाढले नाही. आईने पाकाचा चमचा मोठा केला आणि संध्याकाळचा एक जोडला.

होळीनंतर भाऊ आणि वहिनी मुलीला नागपूरला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. मी सोबत होतो. डॉक्टर बाईंनी बराच वेळ प्रश्न विचारले. मुलगी माती खाते का, घराला रंग कधी दिला, वडील काय काम करतात, घरात कोणाचे देशी औषध चालू आहे का. लोह देऊनही रक्त वाढत नाही आणि पोट दुखते, हे त्यांना एकत्र खटकत होते. त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली. मी इतकी वर्षे बातम्या लिहिल्या, पण अशी तपासणी असते हे मला माहीत नव्हते.

अहवाल आला. शिसे होते आणि बरेच होते. दवाखान्यात भरती करून शिसे बाहेर काढणारे औषध जिथून सुरू करतात, त्या रेषेच्या जेमतेम खाली.

‘शिसं?’ भाऊ म्हणाला. ‘मॅडम, आमच्या इथं कुठलं शिसं? आम्ही तं संत्रावाले हाओ.’

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले ते मी नंतर वाचून तपासून घेतले आणि ते बरोबर निघाले. शिशाचा शरीराला काडीचा उपयोग नाही. पण शरीर त्याला ओळखू शकत नाही. ते त्याला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवते. तेच मेंदूपर्यंत पोचते. मोठ्या माणसाने शिसे गिळले तर त्यातला थोडा भाग अंगी लागतो. लहान मुलाच्या बाबतीत हा भाग कितीतरी मोठा असतो, कारण वाढणारे शरीर मिळेल ते ओढून घेते. पोट रिकामे असेल तर आणखी जास्त. रक्तात लोह कमी असेल तर त्याहून जास्त. शिसे रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणते, म्हणून मूल फिके पडते. आणि मेंदूचे जे नुकसान होते ते सगळेच्या सगळे भरून निघेल, अशी खात्री कोणी देत नाही. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे आजवर कोणाला ठरवता आलेले नाही.

‘औषध?’ वहिनीने विचारले.

‘आत्ता नको. शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, हेच औषध. ते चालू राहिलं तर माझ्या कोणत्याही गोळीचा उपयोग नाही.’

परतीच्या वाटेवर सौंसर मागे पडले. मुलगी वहिनीच्या मांडीवर झोपली होती. मग वहिनी म्हणाली, ‘ती मले काल विचारून राहिली होती. आई, मी ढ झाली का?’

शोध सुरू झाला. भावाने पहिला संशय स्वतःवर घेतला. बागेत रानडुकरे येतात, म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेले असते. त्याची बॅटरी तो रोज ओसरीवर आणून चार्ज करायचा. जुन्या बॅटऱ्या तिथेच कोपऱ्यात पडलेल्या असायच्या आणि मुलगी त्यांच्यावर भातुकली मांडायची. बॅटरीत शिशाचे पत्रे असतात. त्याच दिवशी सगळ्या बॅटऱ्या पंपाच्या खोलीत गेल्या. भाऊ बागेतून आला की आंघोळ केल्याशिवाय मुलीला हात लावेनासा झाला. खिडक्यांचा जुना हिरवा ऑइलपेंट पोपडे धरत होता. डॉक्टर बाईंनी तो कोरडा खरवडू नका, धूळ उडेल, असे बजावले होते. मुलीला घराबाहेर ठेवून, लाकूड ओले करून तो काढला. बाजारचे कुंकू गेले, काजळ गेले, सुटी हळद गेली. मी वर्तमानपत्रातल्या सवयीप्रमाणे प्रत्येक वस्तूचा पिच्छा पुरवला. जे सिद्ध होत नव्हते, तेही घराबाहेर काढले.

एप्रिल संपताना डॉक्टर बाईंनी सुचवले की मुलीला काही आठवडे दुसऱ्या घरी ठेवता आले तर पाहा. वहिनीचे माहेर लोधीखेड्याचे. कापूसवाले लोक. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि ती मुलीला घेऊन गेली.

तिथे मुलगी सुधारली. पोटदुखी थांबली. जेवू लागली, मामाच्या मागे धावू लागली. शाळा सुरू होण्याआधी रक्त तपासले तेव्हा शिसे उतरले होते. भावाने पेढे आणले.

‘बॅटरीच होती,’ तो म्हणाला. ‘मी सांगत होतो.’

पेढे वाटून झाले, शाळा सुरू झाली, मुलीचा घरचा दिनक्रम पुन्हा सुरू झाला. पोळ्याच्या आधी तिचे पोट पुन्हा दुखू लागले. नागपूरला तपासणी झाली. शिसे चढले होते, आणि आता ते रेषेला टेकले होते.

‘पुढच्या तपासणीत वर गेलं तर भरती करावं लागेल,’ डॉक्टर बाई म्हणाल्या. ‘तिच्या पोटात अजून काहीतरी जातं आहे. तुमच्याच घरात.’

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जे बोलणे झाले ते मला शब्दशः आठवते. आई ओट्याजवळ मेथी निवडत होती. भाऊ दारात उभा होता. वहिनीने मुलीला शेजारी खेळायला पाठवले होते.

‘आई, एक सांगू? रागावू नका.’

‘बोल नं.’

‘उन्हाळ्यात तुम्ही पाकाची बरणी बांधून दिली होती. मी ती नेलीच नाही. बसमध्ये सांडते म्हणून दारामागं ठेवून दिली होती.’

‘मले माहीत आहे. झाडताना दिसली होती,’ आई म्हणाली. ‘मी काही बोलली का?’

‘नाही. पण मी आता विचार करून राहिली. इथून बॅटरी गेली, रंग गेला, कुंकू गेलं. ती तिकडे गेली तं बरी झाली, इकडे आली तं बिमार पडली. तिकडे ती भाकर खात होती, वरण खात होती, दूध पीत होती. तेच इथंही खाते. तिकडे नव्हता तो एक पाक.’

आईने मेथीची जुडी खाली ठेवली.

‘म्हणजे माह्या पाकानं पोरगी बिमार पडली म्हणतं?’

‘मी तसं नाही म्हणत, आई.’

‘मंग कसं म्हणतं? माही लेकरं याच पाकावर वाढली. हा पेपरवाला बसला आहे समोर, विचार त्याले. याले काय झालं? डोकं जरा कमी आहे, पण ते तं आधीपासूनच आहे.’

मी आईला विचारले, ‘आमच्या वेळी गंजाला कल्हई कोण करायचं?’

‘कल्हईवाला करे. दुसरं कोण करणार?’

‘आणि मागच्या वर्षी?’

आईने भावाकडे पाहिले.

‘रेडिएटरवाल्यानं,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस. लपवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. त्याने डाग द्यायची कांडी काढून दाखवली. रेडिएटरला डाग देतात ती. तीच त्याने गंज तापवून आतून फिरवली होती आणि कापसाने पसरवली होती.

‘यात शिसं असतं, माहीत आहे का?’

‘असतेच नं जी. नाही तं पकडन कशी?’

‘कल्हई शुद्ध कथलाची असते.’

‘कथील महाग आहे, भाऊ. लोकं चमक पाहतात. तुमच्या भावानंही चमकच पाहिली.’ मग त्याने कांडी खाली ठेवली. ‘काहून? काही झालं का?’

मी सांगितले. आपण आणखी कोणाची भांडी केली, ते त्याने आपणहून आठवून सांगितले. एक मोठी पातेली एका स्वयंपाक्याची होती. एक घागर होती. मग म्हणाला, ‘पोट तं माझंही दुखते, जी. मी समजत होतो गॅस आहे.’ पुढे त्याचेही रक्त तपासले गेले आणि त्यातही शिसे निघाले. आता तो काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडत नाही आणि भांडे घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतो. त्या स्वयंपाक्याला आणि घागरीच्या मालकाला मी त्याच दिवशी सांगून आलो.

पाक आणि गंजातून खरवडलेली कल्हई नागपूरच्या प्रयोगशाळेत दिली. पाकाची बरणी अर्थातच त्याच संध्याकाळी मुलीच्या हाती लागणार नाही अशा जागी गेली होती. अहवालात कोणतीही शंका उरली नाही. कल्हईत कथलाइतकेच शिसे होते. संत्र्याचा आंबट रस त्यात तासन्‌तास उकळला होता, मग रात्रभर त्यातच पडून होता. तेवढ्या वेळात त्याने जे ओढून घ्यायचे ते घेतले होते. मुलगी फिकी पडली म्हणून तिला पाक दिला, आणि पाकाने ती आणखी फिकी पडली, म्हणून आणखी पाक दिला. सकाळी, उपाशीपोटी. ज्या घरात पाकावर विश्वास नव्हता, त्या घरातली मुलगी यापेक्षा कमी आजारी पडली असती.

अहवाल मी आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, ‘बरण्या किती घरी गेल्या?’

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता.

आईने नेसती साडी बदलली, कापडी पिशव्या घेतल्या आणि भावाला म्हणाली, ‘गाडी काढ. आधी सावरगाव.’

सावरगावला आईच्या धाकट्या बहिणीची सून होती. तिला दिवस गेले होते. उलट्यांनी काही पोटात ठरत नव्हते, म्हणून आईने जपून ठेवलेल्या बरण्यांतली एक तिच्यासाठी पाठवली होती. गरोदर बाईच्या रक्तातून शिसे बाळापर्यंत पोचते, हे डॉक्टर बाईंनी बोलण्याच्या ओघात सांगितले होते. आई तेव्हा तिथे नव्हती. पण मी घरी येऊन सांगितले होते आणि ते तिने ध्यानात ठेवले होते. नदीवरच्या पुलावर गाडी हळू झाली, तसे ती म्हणाली, ‘हळू काहून चालवून राहिला? चाल नं.’

सून ओसरीत तांदूळ निवडत होती. आई चप्पल न काढताच आत गेली.

‘पाक खाल्ला का?’

‘नाही जी, मावशी. खरं सांगू का? मले त्याचा वासच सहन नव्हता होत. तुम्हाले वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.’

बरणी फडताळात होती. फडके आईने बांधले होते तसेच, तिच्याच गाठीत. आईने ती बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तिथेच पाटावर बसली. तिला हसू येत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते.

‘बरं झालं तुले वास आला,’ ती म्हणाली. ‘बरं झालं माय.’

सुनेला काहीच कळत नव्हते. भावाने तिला सगळे समजावले. तिचे रक्तही तपासून घेतले, ते चांगले होते.

तिथून पुढे आम्ही दारोदार फिरलो. हे सोपे नव्हते. दिलेली वस्तू परत मागणे आमच्याकडे कोणी करत नाही. शेजारच्या आळीतल्या एका बाईने दारातच टोमणा मारला, ‘काय मावशी, दिलेलं परत मागायले आली का? यंदा संत्री कमी पिकली का जी?’

‘हाव, मागायलेच आली,’ आई म्हणाली. ‘त्यात इख आहे. बरणी आण. अन् संपली असंल तं सांग, मंग तुझ्या लेकराले घेऊन तपासायले जाऊ. गाडी उभीच आहे.’

बाईचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि अर्धी बरणी घेऊन बाहेर आली. मागोमाग तिचा मुलगा. पुढच्या आठवड्यात तोही आमच्यासोबत नागपूरला आला. त्याच्या रक्तात थोडे शिसे निघाले. ते लवकर कळले होते आणि लवकर उतरले.

कोणी बरणी आणून दिली. कोणी आईला पाणी दिले. एका घरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘बाई, हे न सांगताही चाललं असतं. कोणाले काय समजणार होतं?’ आई बरणी उचलून पुढच्या घराकडे निघाली. सगळ्या बरण्या परत आल्या. त्यांतला पाक आम्ही नालीत ओतला नाही. झाकणाच्या डब्यांत भरून प्रयोगशाळेच्या हवाली केला.

गंज राहिला. भाऊ म्हणाला, शुद्ध कथलाची कल्हई करून घेऊ. आई म्हणाली, नाही. मोडीत दिला तर उद्या कोणी उचलून त्यात कढी करेल. तिने अंगणात गंज पालथा घातला, पंपाच्या खोलीतून सब्बल, म्हणजे पहार, आणायला लावली आणि भावाला बुडाला भोक पाडायला सांगितले. पहिला घाव हलका बसला.

‘आण इकडे,’ आई म्हणाली.

तिने सब्बल दोन्ही हातांनी उचलून घातली. पितळ फाटले. मुलगी पायरीवर बसून हे सगळे पाहत होती.

‘आजी, गंजाले काहून मारून राहिली?’

‘यानं तुले मारलं म्हणून.’

‘मंग अजून एक मार.’

आईने आणखी एक घातला.

त्यानंतर जे घडले ते हळूहळू घडले. पुढच्या सहा महिन्यांचे वर्णन करायला फारसे काही नाही आणि त्यातच सगळा विजय आहे. पुढच्या तपासणीला शिसे चढले नाही. त्याच्या पुढच्या तपासणीला ते उतरले होते. मग आणखी उतरले. हाडांत साठलेले शिसे सावकाश बाहेर येते, म्हणून डॉक्टर बाईंनी घाई करू नका असे बजावले होते. दूध, हिरव्या भाज्या, डाळ, वेळेवर जेवण, आणि लोहाचे तेच जुने औषध. आता ते लागू पडू लागले. पोटदुखी गेली. दिवाळीला मुलीने शेजारच्या पोरांशी फटाक्यांवरून कडाक्याचे भांडण केले, आणि भांडणाला या वेळी रास्त कारण होते. वहिनीने ते घरात सगळ्यांना आनंदाने सांगितले.

बाराखडी परत आली. मग जोडाक्षरे आली. वहिनी रोज संध्याकाळी तिला शेजारी घेऊन वाचायला लावायची. मुलगी अडली की वहिनी न बोलता थांबायची. आधी ती फार वेळ थांबायची, मग कमी वेळ, आणि एक दिवस असा आला की थांबावे लागले नाही. दुसरीच्या पुस्तकातला एक पूर्ण धडा मुलीने वाचला, पुस्तक मिटले आणि विचारले, ‘आई, मी ढ आहे का?’

‘नाही,’ वहिनी म्हणाली. ‘कधीच नव्हती.’

नुकसान झाले की नाही, किती झाले, हे आज कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर बाईंनी तेही स्पष्ट सांगितले आहे. तपासण्या चालू राहतील. पण मागच्या तपासणीच्या अहवालाकडे पाहून त्यांनी तो टेबलावर सरकवला आणि म्हणाल्या, ‘आता ही माझी पेशंट कमी आणि पाहुणी जास्त.’

गंज फुटला त्या वर्षी आईने पाक केला नाही. कोणी विचारले तर विषय बदलायची. या हिवाळ्यात तोडणी झाली, बारीक फळे घरी आली, आणि वहिनीने सौंसरच्या बाजारातून जाड बुडाचा स्टीलचा गंज आणला. आईने तो उलटसुलट करून पाहिला. ‘याच्यात रंग येत नाही,’ म्हणाली. मग चुलीजवळ बसली. पाक झाला. रंग जरा फिकट आला, चव तीच. पाक निवताच तो बरण्यांत भरला गेला. भरण्याआधी आईने स्वतःच एक चमचा काढून प्रयोगशाळेत पाठवायला लावला. शिसे आढळले नाही, असा अहवाल आला, तेव्हाच तिने फडकी बांधली.

पहिली बरणी सावरगावची होती. तिथे आता आठ-नऊ महिन्यांचे, गुबगुबीत, खणखणीत रडणारे बाळ आहे. या वेळी आई गाडीत बसली नाही. मुलीला पायी जायचे होते. मी मागे चालत होतो. बरणी मुलीच्या हातात होती. फाटकापासून कडेवर घे म्हणणारी ती मुलगी नदीवरच्या पुलापर्यंत बरणी घेऊन चालत आली. पुलावर आईने हात पुढे केला, ‘दे मले, थकली असशील.’

‘नाही थकली.’

‘फुटेल.’

‘तूच थकली, आजी. हळू चालून राहिली.’

सावरगावात सून दारातच बाळाला घेऊन उभी होती. बरणी पाहून हसली.

‘काय मावशी, यात काई नाही नं?’

आई काही बोलायच्या आत मुलगी पुढे झाली. बरणीवर वहिनीने कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. मुलीने त्यावर बोट ठेवले आणि न अडता, मोठ्याने वाचले:

‘संत्र्याचा पाक. स्टीलच्या गंजातला.’